कंदुरी गावाचीच राहू द्या



अध्यक्षानं चार गोड शब्द बोलून खाली बसावं, असा रिवाज आहे. आज तो पाळायची माझी तयारी नाही. आपल्या डोळ्यांदेखत कंदुरी मोडतेय आणि आपण सत्कार करत बसलोय.

कंदुरी म्हणजे काय, ते ती हॉलमध्ये करणाऱ्यांना सांगायची वेळ आलीय. नवस फळला की पिराच्या आवारात बोकड कापला जायचा, चुलवणं पेटायची. पीठ घरोघर वाटलं जायचं. दुपारपर्यंत भाकऱ्यांच्या चवडी डोक्यावर घेऊन बाया यायच्या. येसूर घातलेला रस्सा रटरटायचा, माळकऱ्यांसाठी वरणभात वेगळ्या चुलीवर. ऊद जळायचा, फातेहा व्हायचा, मलिदा वाटला जायचा आणि वाटसरूही पंगतीला बसायचा. कुणाला पत्रिका नसायची. आज पत्रिका आहे, केटरर आहे, यजमानाच्या फोटोचा फ्लेक्स आहे. ज्याला पत्रिका नाही तो फाटकाबाहेर. याला शुक्राना, म्हणजे अल्लाहचे आभार, म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आपलेच काही मुसलमान भाऊ म्हणतात, ही बिदअत आहे, धर्मात नव्यानं घुसवलेली रीत; पिराच्या नावानं बोकड म्हणजे शिर्क, अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणं. बोकड कापणारा मुलाणी सुरी फिरवतो तेव्हा जवळ उभं राहून ऐका, नाव फक्त अल्लाहचं असतं. कुणी पिरालाच देव समजत असेल, तर त्याला जवळ बसवून समजवा. त्यासाठी गावाची चूल कशाला विझवता? जावा बेटावर हाच तंटा शंभर वर्षं चाललाय. तिथं शेजाऱ्यांना बोलावून दुआ करतात, भात वाटतात. त्याला स्लामतन म्हणतात. 1912 साली निघालेल्या मुहम्मदिया संघटनेनं त्यावर टीका केली, 1926 च्या नहदतुल उलमा संघटनेनं ती रीत सांभाळली. दोघेही मुसलमानच आहेत आणि स्लामतन अजून होतात.

आणि जे विचारतात, हिंदूंनी दर्ग्यावर नवस का फेडावा, त्यांनी एकदा मराठवाड्यातल्या एखाद्या पिराच्या उरुसाला यावं. कंदुरी करणाऱ्यांत मराठे, धनगर, मातंग पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुलाणी गावगाड्यातलाच माणूस. देवीच्या बोकडावरही सुरी तोच फिरवायचा. तुमच्या आज्यानं फेडलेला नवस तुम्ही कोणत्या तोंडानं खोटा ठरवता?

मात्र जुनं ते सगळं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बायांच्या वाट्याला शेवटी तळाचा रस्सा यायचा. हा अन्याय होता आणि अजून आहे. व्याजानं पैसे काढून बोकड आणणाराही मी पाहिलाय. ऐपत नसेल त्यानं गूळ-पोळीचा मलिदा करावा, फातेहा द्यावा. त्याचा शुक्राना तसूभरही कमी होत नाही.

म्हणून मी ठराव मांडतो. कंदुरी पिराच्याच आवारात व्हावी, पत्रिकेविना व्हावी, पहिल्या पंगतीला बाया बसाव्यात आणि कर्ज काढून कुणी ती करू नये. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पाठीमागे कुजबुजू नये. माइक इथं आहे, पुढं या आणि बोला.