हुकलेली वेळ आणि धावण्याचा आनंद
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



सेवानिवृत्त शिक्षकास बोलावयास उभे केले म्हणजे तो शिक्षणावर अथवा संस्कारांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर इतके बोलले गेले आहे की, माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने त्यात आणखी भर घालावी असे काही उरलेले नाही. मी आज धावण्याविषयी बोलणार आहे. तरुण मंडळींच्या चेहऱ्यांवर उमटलेले हसू मला येथून दिसते आहे. हा विषय मुख्यतः त्यांच्याचसाठी निवडला आहे.

आपल्या नळदुर्गातून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. पहाटे पाचच्या सुमारास त्या रस्त्याच्या कडेने मुलांचे आणि आता मुलींचेही जथे धावताना दिसतात. कोणी पोलीसभरतीसाठी धावतो, कोणी सैन्यभरतीसाठी. पोलीसभरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, आणि किती सेकंदांत धावले त्यावर गुण मिळतात. ज्याची निवड होते त्याचा आपले मंडळ शाल-श्रीफळ देऊन गौरव करते, व ते योग्यच आहे. ज्याची होत नाही त्याचे काय होते? तो दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो, तिसऱ्या वर्षी येतो, आणि वयोमर्यादा ओलांडली की बूट माळ्यावर टाकून देतो. मग तो पुन्हा कधी धावत नाही. पंचविशी-तिशीतला, पोलादासारखा कमावलेला देह पाच वर्षांत पोट सुटून बसतो, आणि मनात एक सल राहतो तो निराळाच. माझ्या हाताखालून गेलेली अशी मुले मी बोटांवर मोजू शकत नाही.

या मुलांना मी दोन माणसांची हकीकत सांगत असतो. तीच येथे सांगतो.

इ. स. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले. हिंदुस्थानातून संघ म्हणून खेळाडू जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघाचे मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर होते. तेथील सामन्यांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही मुले विलायतेच्या धावपटूंच्या पंक्तीस बसतील असे त्यांच्या मनाने घेतले. मॅरेथॉनसाठी दोघे निवडले गेले : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे पुढे १९२१ साली कायम झालेल्या ४२.१९५ किलोमीटरांपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. फिनलंडचा कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले सुमारे अठरा मिनिटांनी मागून, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत, एकोणिसावे आले. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही.

आजच्या भरतीच्या हिशेबाने पाहिले तर दोघेही नापास. एकोणिसाव्याला कोण विचारतो! परंतु हे दोघे बोटीने सातासमुद्रापलीकडे गेले आणि जगातील निवडक धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. चौगुल्यांच्या पुढे असलेल्यांत एक जपानी गृहस्थ होते, शिझो कानाकुरी. ते सोळावे आले, चौगुल्यांच्या सुमारे दोन मिनिटे आधी. दुसरी हकीकत त्यांची.

कानाकुरी त्याआधी १९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये धावले होते. जपानहून तेथवर जावयास बोटीचा आणि सैबेरियातील आगगाडीचा मिळून दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. शर्यतीच्या दिवशी ऊन असे की पोर्तुगालचा एक धावपटू कोसळला व दुसऱ्या दिवशी प्राणास मुकला. कानाकुरींनाही वाटेत उष्म्याने ग्रासले. एका घरी त्यांना आसरा मिळाला, आणि ते पंचांना न कळविताच मायदेशी निघून गेले. दरबारी नोंदीत हा माणूस बेपत्ता! एवढी नामुष्की पदरी आल्यावर आपल्यापैकी कोणी पुन्हा बूट घातले असते काय? कानाकुरींनी घातले. १९२० मध्ये ते सोळावे आले. १९२४ मध्ये पॅरिसला त्यांना पुन्हा शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. पदक त्यांना कधीच मिळाले नाही. मात्र १९२० सालीच तोक्यो ते हाकोने अशी विद्यार्थ्यांची सांघिक दौड सुरू करणाऱ्यांत ते प्रमुख होते, आणि ती दौड आजही दर जानेवारीत होते. पुढे १९६७ साली स्वीडिश मंडळींनी पंचाहत्तर वर्षांच्या कानाकुरींना सन्मानाने बोलावून अंतिम रेषा ओलांडावयास लावली. वेळ जाहीर झाली : ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि काही सेकंद. एवढी संथ मॅरेथॉन जगात दुसरी नाही, व इतक्या आनंदाने पुरी झालेलीही बहुधा नसावी.

आता थोडे स्वतःविषयी, कारण विषयच तसा आहे. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखरेचे निदान केले आणि मी आधी चालू व मग धावू लागलो. एकसष्टाव्या वर्षी एका मोठ्या शहरातील पूर्ण मॅरेथॉनमध्ये नाव घातले. पाच तासांत अंतर कापावयाचे असा संकल्प सोडला होता व घरीदारी सांगूनही झाले होते. तीस किलोमीटरांपर्यंत सारे हिशेबाप्रमाणे झाले. पुढे पोटऱ्यांत गोळे आले. मला लागले ५ तास ३८ मिनिटे. पुरे करणाऱ्या सर्वांना पदक देतात, तसे मलाही मिळाले. ते मी पेटीत ठेवून दिले, आणि चार महिने धावलो नाही. गावात जो भेटे तो प्रथम वेळ विचारी.

त्या वर्षी पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आले आणि किल्ल्यातील नर-मादी धबधबे वाहू लागले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या त्या पाणीमहालावरून पाणी कोसळू लागले की सारे गाव तिकडे लोटते, हे आपणांस सांगावयास नको. मीही निघालो. वाटेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तीनदा भरतीत अपयश आलेला, आता रस्त्यालगत चहाची टपरी चालवितो. मी सहज म्हणालो, "चल, किल्ल्यापर्यंत पळत जाऊ." तो म्हणाला, "गुरुजी, आता कशासाठी पळायचं?" मजजवळ उत्तर नव्हते. उत्तर नव्हते म्हणून मी धावू लागलो, आणि गुरुजी एकटे धावताहेत हे पाहवेना म्हणून तोही मागून आला. त्याच्या हातात घड्याळ नव्हते, माझे घरी राहिले होते. चढावर त्याने मला मागे टाकले, वळून पाहिले आणि मोठ्याने हसला. भरतीच्या तयारीत पाच वर्षे मी त्याला पाहिले होते, परंतु धावताना हसलेला पाहिला नव्हता. धबधब्याजवळ पोहोचलो तेव्हा तुषारांनी दोघेही भिजलो. किती वेळ लागला, ते ना त्याला माहीत ना मला. आता आम्ही आठवड्यातून चार दिवस धावतो.

आपल्या भागात ही गोष्ट नवी आहे असेही नाही. कोजागरीला सोलापुराहून तुळजापुरास किती लोक पायी जातात! ते अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनहून थोडे अधिकच भरते. त्यांत म्हाताऱ्या बाया असतात, पायांत धड चपला नसलेले मजूर असतात. कोणी पहाटे पोहोचतो, कोणी दुपारी. किती तासांत आलात, असे देवीच्या दारात कोणी कोणास विचारीत नाही.

याचा अर्थ वेळ लावून धावू नये असा नव्हे. भरतीसाठी धावणाऱ्याने सेकंद मोजलेच पाहिजेत. त्यावर त्याची भाकरी अवलंबून आहे, आणि ज्याच्या घरी भाकरीची चिंता आहे त्याला आनंदाचे व्याख्यान देण्याचा मला अधिकार नाही. परंतु निवड न झालेल्या मुलाला आपण घरात ज्या नजरेने पाहतो, त्याविषयी बोलण्याचा अधिकार शिक्षक म्हणून मला आहे असे मी समजतो. "एवढं पळून काय मिळालं?" हा प्रश्न बापाने जेवणाच्या ताटावर विचारू नये. मिळालेले असते ते त्याच्या छातीत आणि पायांत असते. त्या प्रश्नाने तेवढेही जाते.

कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या गुणगौरवाच्या दिवशी सकाळी एक दौड ठेवावी. क्रमांक काढू नयेत, वेळ नोंदवू नये. भरतीत निवडलेले, न निवडलेले, मुली, सुना, माझ्या वयाची मंडळी, सर्वांनी किल्ल्याच्या दारापासून निघून नदीपर्यंत जावे व परत येऊन एकत्र पोहे खावेत. पोह्यांचा खर्च मी देईन. तोवर ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी रविवारी पहाटे साडेपाच वाजता किल्ल्याच्या दाराशी यावे. आम्ही दोघे तेथे असतोच. परतल्यावर चहा माझ्या विद्यार्थ्याच्या टपरीवर.