बर्फ पाहावा, पण गर्दी टाळून

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी तिळाच्या वड्या थापायला मी पुढे असते आणि भाषणे सुरू झाली की मागच्या सतरंजीवर जाऊन बसते. पण आपल्या कार्यवाह बाई म्हणाल्या, "तुम्ही दोनदा बर्फात जाऊन आलात. पुष्कळ जणी विचारतात. एकदा सगळ्यांसमोर सांगूनच टाका." तेव्हा जे भोगले आणि जे शिकले, ते सांगते. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

पहिली सहल 2023 च्या डिसेंबरातली. माझी भिशी लागली होती. मुलीने शाळेत कोणाकडे तरी बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाची, म्हणजे स्कीची, चित्रे पाहिली होती आणि तिने हट्टच धरला. नाताळची सुट्टी, एका यात्रा कंपनीची जाहिरात, आणि मनालीचे नाव. आम्ही दोघे, मुलगी आणि सासूबाई असे चौघे निघालो. सगळे तिकडेच जातात म्हणजे तिथे सोय असणारच, असे यांचे म्हणणे. मलाही ते पटले होते, खोटे कशाला सांगू?

24 डिसेंबरला सकाळी आम्हाला गाडीत घालून सोलंगच्या पुढे अटल बोगद्याकडे नेले. हा बोगदा 2020 साली सुरू झाला, नऊ किलोमीटर लांबीचा आहे. पूर्वी रोहतांगची खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई, त्यामुळे पलीकडच्या लाहौल भागात त्या दिवसांत प्रवासी जातच नसत. आता बोगद्यामुळे जो मनालीला येतो तो पलीकडेही जातोच. त्या नाताळात एका चोवीस तासांत 28 हजारांवर गाड्या बोगद्यातून गेल्याचे पुढे वर्तमानपत्रात वाचले. रस्ता मात्र तोच, डोंगराच्या कडेचा.

आमची गाडी साडेअकराला थांबली ती थांबलीच. पुढे गाड्या, मागे गाड्या. एक वाजला, दोन वाजले. बायकांची जी अडचण होते ती सांगायला नकोच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आडोसा म्हणून नाही. मी आणि दोन अनोळखी बायकांनी शालींचा पडदा धरला तेव्हा माझ्या मुलीची सुटका झाली. बिचारी रडकुंडीला आली होती.

पण खरा प्रसंग पुढेच होता. सासूबाईंना मधुमेह. सकाळचे औषध घेतलेले आणि जेवणाची वेळ टळून गेलेली. फराळाचा डबा मी मोठ्या बॅगेत ठेवला होता आणि ती बॅग गाडीच्या टपावर दोरीने आवळून बांधलेली. तीनच्या सुमारास बोलता बोलता त्यांचे बोलणे अडखळू लागले. एवढ्या थंडीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मी ओळखले, साखर उतरली. हे टपावर चढून दोऱ्या सोडू लागले, पण थंडीने बोटे वळेनात. तेवढ्यात मागच्या गाडीतल्या एका गुजराथी बाईंनी धावत येऊन चिक्कीची वडी आणि साखरेचे पाणी दिले. दहापंधरा मिनिटांनी सासूबाईंनी डोळे नीट उघडले आणि विचारले, "आपण घरी कधी जायचं गं?" मैत्रिणींनो, तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

मुक्कामी पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी स्कीचे जे झाले तेही ऐका. एकाच उतारावर घोडे, टायरवरून घसरणारी माणसे, फोटो काढणारे, आणि त्यांच्यामधूनच स्की शिकणारे. कोणाला थांबता येत नाही आणि कोणी कोणाला आवरत नाही. पैसे घेऊन मुलीच्या पायांत फळ्या बांधल्या, पाच मिनिटे हात धरून ओढले आणि "हो गया" म्हणून सोडून दिले. मागून एक दांडगा मुलगा येऊन तिच्यावर आदळला. सुदैवाने गुडघा सुजण्यावर निभावले.

घरी आल्यावर आमचा वाद झाला. हे म्हणाले, "जिथे चार माणसं असतात तिथेच आधार असतो. त्या गुजराथी बाई नसत्या तर?" बोलणे खरे होते. पण मी म्हणाले, "चार माणसं होती हे खरं, पण चार हजार गाड्याही होत्या. आईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली असती, तर कुठल्या वाटेने नेलं असतं?" यावर ते गप्प बसले. तेव्हाच मनात ठरवले, की पुन्हा जायचे तर जागा आपण निवडायची. गर्दी नको, पण अगदी ओसाडही नको.

मग मी जुन्या वहीच्या मागल्या पानांवर प्रश्न लिहिले. गावाची उंची किती? मोठा दवाखाना किती लांब? जायला किती रस्ते? शिकवणारा माणूस कोण, कुठे शिकलेला? बर्फ पडून रस्ता बंद झाला तर राहायचे कुठे? मुलाने फोनवर शोधून दिले आणि मी लिहून घेतले.

गुलमर्गचे नाव सर्वांत मोठे. तिथली आकाशगाडी दोन टप्प्यांत अफरवतच्या अंगावर सुमारे 3,900 मीटर उंचीपर्यंत जाते. कसलेल्यांना ते स्वर्गच. पण तिथेच 2023 च्या फेब्रुवारीत हिमकडा कोसळून दोन पोलिश खेळाडू दगावले आणि पुढच्या वर्षी एक रशियन. आखलेला उतार सोडून वर मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्यांना हा धोका फार. आणि 2024 च्या जानेवारीत तर तिथे बर्फच नव्हता. दुसरी जागा उत्तराखंडातली औली. उतार चांगले, 2011 साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या. पण खालच्या जोशीमठ गावात 2023 च्या जानेवारीत घरांना तडे गेले, जमीन खचली, आणि वर नेणारा रज्जुमार्ग त्या वेळी बंद करावा लागला. शिवाय हृषीकेशपासून डोंगरातला दिवसभराचा प्रवास. सासूबाईंना तो झेपला नसता.

शेवटी मन बसले ते नारकंड्यावर. शिमल्याच्या पुढे सुमारे 65 किलोमीटर, हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावर, उंची 2,700 मीटरच्या आसपास. उतार लहान, नवशिक्याला पुरणारे. आकाशगाडी नाही, मोठा बाजार नाही, म्हणूनच गर्दीही नाही. आणि शिमल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. यांना वाटले सासूबाईंना घरी ठेवावे. त्या म्हणाल्या, "मला नेणार असाल तरच जा. मला काय फक्त ट्रॅफिकच दाखवायचा होता?" मग काय बोलणार!

2025 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस निघालो. त्यासाठी मुलीची एक आठवड्याची शाळा बुडाली आणि मुख्याध्यापिकाबाईंचे बोलणेही मी ऐकून घेतले. पण नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळायचेच असे ठरवले होते. रेल्वेने अंबाल्यापर्यंत, तिथून मोटारीने. एक रात्र शिमल्याला मुद्दाम थांबलो, म्हणजे शरीराला उंचीची सवय होते. औषधे, गूळ, खाकरे, पाण्याची बाटली हे सगळे या वेळी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. टपावर काही नाही.

आम्ही एका लहानशा घरगुती निवासात उतरलो. पहिल्या संध्याकाळी थंडी इतकी, की यांनी घरमालकिणीकडे कोळशाची शेगडी खोलीत मागितली. ती बाई एकदम म्हणाली, "नहीं भाईसाब, वो कमरे में कभी नहीं." बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. तिने आम्हाला बैठकीच्या खोलीतला त्यांचा तंदूर दाखवला. लाकडे घालायची लोखंडी पेटी, आणि धूर थेट बाहेर नेणारे नळकांडे. रात्री झोपताना प्रत्येकाच्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. हाच वायू मोटारीतही जीव घेतो बरे का. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी बर्फात गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे गेली. धूर सोडणारी नळी बर्फाने बुजते आणि आत हीटर चालू राहतो. म्हणून गाडी अडकली तर इंजिन सतत चालू ठेवू नये, मागची नळी मोकळी करावी आणि काच थोडी उघडी ठेवावी.

आता स्कीविषयी. पहाडातल्याच एका शिकलेल्या तरुणाने मुलीला तीन दिवस शिकवले. पहिला अर्धा दिवस त्याने तिला घसरूच दिले नाही! आधी बूट घट्ट बसतो का ते पाहिले. मग फळीची पकड वजनाप्रमाणे बेतली, कारण माणूस पडला की बूट फळीतून सुटला पाहिजे, नाही तर गुडघा पिरगळतो. मग पडायचे कसे ते शिकवले: पुढे तोंडावर नाही, बाजूला, बसल्यासारखे. मग थांबायचे कसे: फळ्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब, कौलारू घराच्या छपरासारखी. हे आल्यावरच त्याने तिला उतारावर सोडले. तिसऱ्या दिवशी पोर वरून खाली आली आणि माझ्यापुढे चार हातांवर येऊन आपली आपण थांबली. मला घसरत येण्यापेक्षा त्या थांबण्याचेच कौतुक वाटले. मीही एकदा फळ्या बांधल्या. पाच पावले गेले आणि बसले. उठवायला दोन माणसे लागली, त्यात हे हसण्यातच दंग!

शांत जागेला उणेपणाही असतो, तो लपवणार नाही. औषधांचे दुकान लवकर बंद होते. भाड्याचे बूट थोडेच, सासूबाईंच्या मापाचे मिळालेच नाहीत. पहिले दोन दिवस बर्फ सावलीच्या उतारांवरच होता. हाटू माता या देवीचे देऊळ उंच शिखरावर आहे, पण रस्त्यावर बर्फ असल्याने दर्शन घडले नाही. सासूबाईंनी खालूनच हात जोडले.

आणि मग 27 तारखेच्या रात्री बर्फ पडू लागला. सकाळी उठून पाहतो तो रस्ता बंद, वीज गेलेली. माझ्या पोटात गोळा आला. मनालीचा दिवस आठवला. पण या वेळी आम्ही परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवले होते. घाई नव्हती. तंदूर पेटलेला, राजमा शिजत होता, औषधे हाताशी होती. मुलगी बाहेर निघाली तेव्हा मालकिणीने सांगितले, की ताजा बर्फ पडल्यावर एकदोन दिवस उभ्या डोंगराच्या पायथ्याशी जायचे नाही, तेव्हाच कडे सुटतात. अंगणातच खेळा.

महाशिवरात्र होऊन दोनच दिवस झाले होते. सासूबाई काठी टेकत ओसरीवर आल्या, दोन ओंजळी बर्फ घेतला आणि पायरीवर त्याची छोटीशी पिंड केली. वर गुळाचा खडा ठेवला. मला म्हणाल्या, "तेव्हा घरी कधी जायचं विचारत होते ना? आता विचारत नाही." मला काही बोलता आले नाही. मी त्यांचे गारठलेले हात माझ्या शालीत घेतले, इतकेच. दुसऱ्या रात्रीपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि आम्ही वेळेवर गाडी गाठली.

जाता जाता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाताळ, नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. बर्फाचा भरवसा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जास्त. परतीआधी दोन दिवस हातचे ठेवा. औषध आणि खाणे अंगावरच्या पिशवीत असू द्या. खोलीत शेगडी नको. उतारावर शिकवणारा आधी थांबायला शिकवतो की आधी पैसे मागतो, ते पाहा. उन्हात बर्फाची तिरीप डोळ्यांना बाधते, म्हणून काळा चष्मा घ्या. आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर तीन हजार मीटरच्या वर मुक्काम करू नका.

"सगळे जातात" हे जागा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे मी माझ्या भिशीचे पैसे घालून शिकले. आपण बाजारात मेथीची जुडीसुद्धा उलटून पाहून घेतो. मग घरची माणसे जिथे न्यायची, ती जागा नको का पाहायला?

माझी वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. जिला हवी तिने उतरवून घ्यावी, फक्त परत ठेवावी. एवढे बोलून मी आपली रजा घेते. तिळगूळ घ्या, गोड बोला.