तोरणमाळचा घाट आणि आमची नवी गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने मोटारीवर बोलायचे म्हणजे कुणाला हसू येईल. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, म्हणून गेल्या दसऱ्यानंतर आम्ही तोरणमाळला गेलो त्याची हकिकत सांगते.

नंदुरबारहून तोरणमाळ नव्वद किलोमीटरच्या आसपास. एवढे जवळ, पण लग्नाला २३ वर्षे होऊनही मी तिथे दोनदाच गेले होते. तेही महाशिवरात्रीला, गोरखनाथाच्या यात्रेत, एस.टी.त उभ्याने. तलाव म्हणून धड पाहिला नव्हता.

आमच्याकडे हायब्रिड गाडी आली. तिला पेट्रोलचे इंजिन आहेच, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरी. जपानात १९९७ सालीच प्रियस नावाची अशी गाडी निघाली होती म्हणे. मला वाटले, आता रोज रात्री फोनसारखी वायर लावायची आणि बिल भरायचे! पण आमच्या गाडीला वायर नाहीच. चालता चालता ती आपली आपण भरून घेते. ते कसे, हे मला घाटात कळले.

पहाटे कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून निघालो. प्रकाशाला तापीमाईला हात जोडले, शहाद्याला चहा घेतला, म्हसावद सोडले आणि सातपुडा समोर आला. चढावर इंजिन चांगलेच गुरगुरत होते. पेट्रोलची बचत दुकानदाराने सांगितली तेवढी तिथे काही दिसली नाही. खरे तेच सांगते. बचत होते ती गावातल्या गर्दीत, हळू चालताना.

वर यशवंत तलावाकाठी सासूबाई तासभर नुसत्या पाण्याकडे बघत बसल्या. मी पण बसले. स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत! रस्त्यावर पावरा बायकांकडून सीताफळे घेतली. मग सीताखाई पाहायला गेलो आणि तिथे ह्यांचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. गाडी चालवायची कुणी?

आता एक कबूल करते. मुलगी गाडी शिकायला निघाली तेव्हा मी दोन दिवस घरात अबोला धरला होता. मुलीच्या जातीला घाटबीट कशाला, असे म्हणणारी मीच. आणि आता तीच चाकावर बसली. सातपायरीचा घाट, ऊन कलते, मागे म्हाताऱ्या सासूबाई.

मी सारखी ओरडत होते, “ब्रेक दाब, ब्रेक दाब!” ती म्हणाली, “आई, हळूहळू दाबायचा असतो. हलका दाबला की मोटरच चाकांना अडवते आणि त्याची वीज होऊन बॅटरीत जाते.” आपल्या जुन्या सायकलचा डायनॅमो आठवतो ना? तो टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचे. तसेच हे. समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या रेघा एकेक वाढताना मी डोळ्यांनी पाहिल्या.

अर्ध्या वाटेवर बॅटरी भरली. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार? तेव्हा तिने दांडा ‘बी’वर ओढला. उतार असून इंजिन मोठ्याने घुमू लागले. माझा जीवच गेला. वाटले, मोडली गाडी! पण वेग उलट कमी झाला. आता इंजिनच गाडी धरून ठेवते, नुसत्या ब्रेकवर राहिले तर ते तापतात, असे तिने सांगितले. ह्यांनी सुजलेल्या पायानेच मान डोलावली.

शेवटचे वळण उतरल्यावर मी मागे पाहिले, तर सासूबाई डुलक्या घेत होत्या. जागी केली तेव्हा म्हणाल्या, “पोरीचा हात हलका आहे ग.”

थंडीत पुन्हा जायचे आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे त्यांनी सभेनंतर मला भेटावे. भाकरी आपापली आणावी. गाडी मुलगीच चालवणार आहे.