वाण विकत मिळतो, वळण लावावं लागतं
(पिंपळगाव रेणुकाई येथे केलेलं भाषण)



मिरचीचा भाव सोडून आज कुत्र्यावर काय बोलता, असं काही जण म्हणतील. पण रात्री मिरचीत रानडुकरं शिरली, हरभऱ्यात रोही घुसले, तर घरधन्याच्या आधी कुत्रा जागा होतो. या बिनपगारी राखणदाराचा हिशेबही एकदा मांडायला हवा.

आपण कुत्र्याची पारख जातीवरून करतो. रॉटवायलर म्हणजे खुनशी, लॅब्राडोर म्हणजे गरीब, गावठी म्हणजे बिनकामाचा. मग कोणी कर्ज काढल्यासारखे पैसे मोजून शहरातून पिल्लू आणतो, मळ्यात साखळीला बांधतो आणि म्हणतो, झाली राखण!

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. मिरचीचं एकच संकरित बियाणं दोन शेतांत लावलं, तर एकीकडे तोडे संपत नाहीत आणि दुसरीकडे चुरडा-मुरडा. वाण एकच, मशागत वेगळी. कुत्र्यात तर एका वाणाची भावंडंसुद्धा सारखी निघत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली. स्वभावातला जो फरक दिसला, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीमुळे होता.

जातीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. कारवान सशामागे वाऱ्यासारखा पळतो, ते त्याच्या अंगातच आहे. मोठ्या जबड्याचा चावाही मोठाच असतो. पण काम शिकवावं लागतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीरने स्फोटकांचे साठे हुडकून काढले, तो गरीब म्हणवला जाणारा लॅब्राडोरच होता. ते नाक शिकवून तयार केलेलं होतं. आपल्या कारवानाचाच भाऊ मुधोळ. त्याची पिल्लं लष्कराने २०१६ मध्ये मेरठला नेऊन शिकवायला घेतली. तोवर तो नुसता शिकारी म्हणूनच ओळखला जायचा.

सरकारही याच चुकीत सापडलं. १२ मार्च २०२४ ला केंद्राने पत्र काढून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, असं राज्यांना कळवलं. संबंधितांना विचारलंच नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्र रद्द ठरवलं. यादी करणं सोपं असतं. पण साखळीत वेडापिसा झालेला गावठी कुत्रा खुरपायला आलेल्या बाईला चावला, तर तो कोणत्या यादीत शोधायचा? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ कुत्र्याची जात विचारत नाही, धन्याची हयगय विचारतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून करायचं काय? पिल्लू आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नका. तिसऱ्या आठवड्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंतचं वय म्हणजे त्याची पेरणीची वेळ. त्या काळात पोरं, मजूर, बैल, शेळ्या, मोटारसायकल, सगळं त्याला न घाबरवता दाखवा. शब्द एकच ठेवा आणि तो पाळला की भाकरीचा तुकडा द्या. काठीने कुत्रा फक्त भिणं शिकतो, आणि भ्यालेला कुत्राच आधी चावतो. दिवसभर बांधून ठेवू नका. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा आणि पुढे दरवर्षी टोचत राहा. चावलाच कोणाला, तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उलटला की त्यावर औषध नाही.

या कशालाही पैसा फारसा लागत नाही, रोजची पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढी सवड नसेल, तर हजारांचं पिल्लू आणू नका आणि गावठीही बांधू नका. आणि तो चावला, तर जातीला दोष देऊन हात झटकू नका. ज्याने पाळला, जबाबदारी त्याची.