उगवत्या खेळाडूची पारख



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आमचे क्रीडाशिक्षक होते. तेव्हा मी खेळाविषयीच बोलावे हे उचित होय. प्रश्न एवढाच मांडतो की, पहिल्याच वर्षी मैदानात उतरलेला कोवळा खेळाडू पाहून, याच्याभोवती सारा संघ उभारावा की नाही, हे कशावरून ठरवावे? अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तेथे नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’ पद्धतीने क्रमाक्रमाने संघांच्या वाट्याला येतात, आणि ज्याची पारख चुकते तो संघ कित्येक वर्षे मागे पडतो.

२०१३ चा ड्राफ्ट पाहा. अकराव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने मायकेल कार्टर-विल्यम्स याला घेतले. पंधराव्यावर मिलवॉकीने यानिस अँटेटोकुम्पो हा ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा अठरा वर्षांचा मुलगा घेतला. कार्टर-विल्यम्सने पहिल्याच सामन्यात, तेव्हाच्या विजेत्या मायामीविरुद्ध, २२ गुण नोंदवले, १२ असिस्ट दिले, ९ वेळा चेंडू हिसकावला आणि सामना जिंकून दिला. हंगामअखेर त्याची सरासरी १६.७ गुण होती. गुण, रिबाउंड, असिस्ट या तिन्हींत तो नवोदितांत पहिला आला व २०१४ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. यानिसची सरासरी होती अवघी ६.८.

परंतु आकडा कोठून आला हे विचारल्याशिवाय आकड्याला मान देऊ नये. फिलाडेल्फियाचा संघ त्या वर्षी ८२ पैकी ६३ सामने हरला, त्यांतले २६ ओळीने. त्याच्याइतक्या वेगाने दुसरा कोणताही संघ खेळत नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला प्रयत्नही अधिक येत. आणि चेंडू बहुधा याच तरुणाच्या हाती असे. त्याच्या शंभर प्रयत्नांतील सुमारे चाळीसच सफल होत. दुरून घेतलेल्या तीन गुणांच्या फेकांत तर सव्वीसच. शिवाय तो बावीस वर्षांचा होता. संधीचे माप आपण गुणवत्तेचे माप समजतो, ते असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला सोडले, आणि तो गेला मिलवॉकीलाच!

तेथे यानिस वाढत होता, अक्षरशः. ड्राफ्टनंतरही त्याची उंची वाढली. गुणांची सरासरी ६.८ वरून १२.७, मग १६.९, २२.९, २६.९ अशी चढत गेली. मला हा चढ कोणत्याही एका हंगामाहून बोलका वाटतो. जेसन किड या प्रशिक्षकाने एवढ्या उंच मुलाच्या हाती चेंडू देऊन त्याला खेळ रचावयास लावले, हाही त्या वाढीतला मोठा वाटा. २०१९ व २०२० मध्ये तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ च्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले. ज्या फ्री-थ्रोबद्दल त्याची थट्टा होई, त्यांतले १९ पैकी १७ साधले. मिलवॉकीला पन्नास वर्षांनी विजेतेपद मिळाले.

याचा अर्थ पहिल्या वर्षाचे आकडे फोलच असतात, असा नव्हे. मायकेल जॉर्डनने १९८४-८५ च्या पहिल्याच हंगामात सरासरी २८.२ गुण केले, आणि तेही निम्म्याहून अधिक प्रयत्न सफल करून. तरीही ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने त्याला वगळून सॅम बोवी हा उंच सेंटर घेतला होता, कारण जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे आधीच होता. गरज पाहिली, माणूस पाहिला नाही.

आपल्या आंतरशालेय संघाच्या निवडीत आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची उंची आणि एका दुपारचे गुण पाहतो. लवकर मिसरूड फुटलेला मुलगा निवडला जातो. उशिरा वाढणारा घरी जातो व पुन्हा फिरकत नाही. वगळलेल्यांनाही दोन वर्षे सरावाला येऊ द्यावे, अशी विनंती मी यंदा केली. चेंडू अपुरे आहेत, असे उत्तर मिळाले. माजी विद्यार्थी आज येथे मोठ्या संख्येने बसलेले मला दिसत आहेत.