नऊ तारखांचा कागद

आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. गटाच्या बैठकीत आमच्यापुढे कागद येतात ते हप्त्यांचे, नाहीतर बँकेचे. जुलैच्या शेवटच्या बैठकीत मात्र उत्तनच्या आमच्या एका ताईंनी पिशवीतून वेगळाच कागद काढला. त्यांची मुलगी इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळते. कागदावर यंदाच्या सामन्यांच्या नऊ तारखा होत्या. घरी तिच्या वडिलांनी तो वाचला आणि म्हणाले, "नऊ दिवस पोरगी बाहेर? खेळ पुरे झाला आता." पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. एक ऑगस्टपासून ते दर्यावर, म्हणजे काय ते त्याआधीच ठरायला हवं होतं.

ताईंचं म्हणणं एवढंच होतं, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही वाचा आणि सांगा, धरायचं की सोडायचं."

खरं सांगायचं तर आम्हालाही कळत नव्हतं. मग मुलीलाच बोलावून घेतलं. तिने आधी खेळ समजावला. मैदानात एका बाजूला पाच जणी आणि संघात जास्तीत जास्त बारा. दहा दहा मिनिटांचे चार डाव. खेळ चाळीस मिनिटांचा असला तरी थांबत थांबत दीड तास जातो. टोपली जमिनीपासून दहा फूट उंच. एका मुलीचे पाच फाउल झाले की ती बाहेर, पण बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली सज्जाला फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला. म्हणजे हा खेळ मुलींकडे मागाहून आला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्या पुण्याची शिरीन लिमये तर भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली.

मग आम्ही कागद हप्त्याच्या तक्त्यासारखा वाचायला घेतला. कुठला हप्ता पक्का आणि कुठला लागला तर लागला, हे आपण बायका बरोबर ओळखतो. पहिल्या तीन तारखा वसईच्या होत्या, शुक्रवार-शनिवार-रविवार. चार संघांचा गट आणि साखळी पद्धत, म्हणजे हरलं तरी तिन्ही सामने होणारच. त्यानंतर ठाण्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची विभागीय फेरी. तिथे सोळा संघ आणि बाद पद्धत, हरला तो घरी. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. म्हणजे ठाण्याच्या चार तारखांपैकी पक्की एकच आणि बाकीच्या तीन जिंकलं तर. शेवटच्या दोन तारखा मरीन लाइन्सच्या, विद्यापीठ पातळीच्या. त्याही जिंकलं तरच. नऊपैकी पक्क्या निघाल्या चार! ताईंनी बोटांवर दोनदा मोजलं.

त्यातही पहिले तीन सामने वसईचे. भाईंदरहून खाडी ओलांडली की नायगाव आणि मग वसई रोड, दुसरंच स्टेशन. सकाळी सगळं जग मुंबईकडे धावतं तेव्हा मुली उलट्या दिशेने जाणार, त्यामुळे डब्यात बसायलाही जागा.

घोर होता तो ठाण्याच्या पहिल्या सामन्याचा. सोमवारी, दुपारी चार वाजता, आणि गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस. हे वाचून मुलगी गप्प झाली. मग गेल्या वर्षीचं सांगू लागली. तेव्हाही पहिला सामना सुट्टीला लागूनच होता. संघातल्या तीन मुली गणपतीला कोकणात गेलेल्या, त्यांची परतीची तिकिटं मिळाली नाहीत. एकीला घरच्यांनी पाहुण्यांसाठी थांबवून घेतलं. मैदानावर पोहोचल्या चारच जणी. पाच असल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. पंचांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि समोरच्या संघाला पुढे चाल दिली. कागदावर वीस-शून्य. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या चार मुली चेंडूला हातही न लावता घोडबंदरच्या कोंडीत दोन तास उभ्या राहून परत आल्या. मुलगी म्हणाली, "मी त्या चारांतली होते, ताई. यंदा मला घरी बसवलं तर दुसऱ्या चौघी तशाच परत येतील."

हे तिच्या आईलाही माहीत नव्हतं. पोरींनी घरी फक्त "हरलो" एवढंच सांगितलं होतं.

यंदा समोरचा संघ कोण? गेल्या वर्षी विभागात पहिला आलेला. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, मग एकाच दिवसासाठी वर्षभर मरायचं कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. आमचं मत असं झालं की वेळापत्रक अवघड आहे, पण त्यात वसईची साखळी आधी आहे हे चांगलं आहे. तिथे तीन सामन्यांत चुका करायला जागा आहे. बाद पद्धतीत ती नसते. मात्र तीन दिवसांत तीन सामने म्हणजे पाच-सहा मुलींच्या जिवावर निभणार नाही, आलटून-पालटून खेळवायला निदान दहा जणी लागतील. यादीत नावं बारा आणि सरावाला येतात आठ. म्हणजे खरं कोडं तारखांचं नव्हतंच, बाकीच्या चार घरांचं होतं. आणि एक बोलून टाकतो, मुलींच्या वाट्याला सामनेच कमी येतात. साखळी वाढवली तर पोरी खेळून तरी शिकतील. एका दुपारी हरून बाहेर, यात कोण काय शिकणार?

मग आम्ही तिघी-चौघी कॉलेजात गेलो. आमचे प्रश्न साधे होते. सोबत बाई शिक्षिका कोण येणार आणि त्यांचा नंबर काय? मैदानावर मुलींसाठी शौचालय आणि कपडे बदलायला खोली आहे का? (पाळीचे दिवस वेळापत्रकात कुणी लिहीत नाही, पण बारा मुलींत दोघी-तिघींचे असणारच. त्यांना खेळू नका म्हणायचं कारण नाही. पॅड आणि खोली हवी, बस.) येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा? सामना लांबला तर परत कसं यायचं? आणि परीक्षा? ७५ टक्के हजेरी लागते, तर सामन्यांचे दिवस कसे धरणार? उत्तरं लिहून मागितली. थोडे कुरकुरले, पण दिली. तुम्हीही लिहूनच मागा. तोंडी "काळजी करू नका" म्हणतात त्याला संध्याकाळी सहा वाजता काही किंमत नसते.

मरीन लाइन्सच्या तारखा लांबच्या असल्या तरी त्यांचाही विचार करून ठेवलाय. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरता आलं तरी भाईंदरला उतरता येईलच असं नाही. भाईंदरपर्यंतचीच लोकल धरायची आणि सगळ्यांनी एकाच महिला डब्यात बसायचं. पुढे उत्तनची बस. रात्री उशीर झाला तर मुलगी स्टेशनजवळच्या आमच्या एका सभासदाकडे राहील. तुमच्याकडे हाच प्रश्न शेवटच्या एसटीचा असेल. कबड्डी असो नाहीतर खो-खो, तालुक्याच्या गावी सामना असला की आधी परतीची गाडी बघा.

बुटांवर मात्र बैठकीत चांगलंच वाजलं. सिमेंटच्या मैदानावर झिजलेले बूट घसरतात आणि घोटा मुरगळतो. दोन हजार रुपये हवे होते. एक ताई म्हणाल्या, "गटाचं कर्ज शिलाई मशीनला, मसाल्याच्या भांडवलाला. बुटाला कसलं कर्ज?" दुसरी म्हणाली, "मागच्या साली तुझ्या मुलाच्या मोबाईलला दिलंच की." मग हशा. शेवटी आईच्या नावावर दोन हजार, महिना एक टक्का, चारशेचे पाच हप्ते असं ठरलं. मासळीचा धंदा सुरू झाला की फिटतील.

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते मिळेल, असंही कुणी म्हणालं. आरक्षण आहे हे खरं, पण कुठल्या पातळीची कामगिरी धरतात ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारल्याशिवाय घरच्यांना तसली आशा दाखवू नका. आम्ही वडिलांना ते सांगितलंच नाही. त्यांना गेल्या वर्षीच्या चार मुलींची गोष्ट सांगितली, लिहून आणलेली उत्तरं दाखवली आणि पक्क्या चार तारखांवर गोल काढून दिले. ते बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "हे चार ठीक. पुढचं जिंकल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी होडीवर गेले.

बाकीच्या चार घरांपैकी दोन घरी आम्ही जाऊन आलो. एका घरची मुलगी येतेय. दुसऱ्या घरी आजीचं आजारपण आहे, तिथे जोर केला नाही. उरलेली दोन कुटुंबं गणपतीला गावी जाणार आहेत. त्यांना परतीची तिकिटं रविवारच्या आतली काढा एवढं सांगून आलोय. एकांनी काढलीत. दुसऱ्यांचा फोन अजून आलेला नाही, तो या आठवड्यात परत लावायचाय.

पुढच्या शुक्रवारी वसईचा पहिला सामना. आमच्यातल्या सहा जणी बघायला जाणार आहोत, आणि शनिवारचा बारा मुलींचा डबा आमच्या गटाकडे आहे. भाकरी, उसळ आणि केळी. तळलेलं काही नको, असं मुलींनीच बजावलंय.