आयुष्य वाढले, आता भानही राखू या



आज मला मेंदूतच सुरू होणाऱ्या लिम्फोमाबद्दल बोलायचे आहे. उपचार न मिळाल्यास या आजाराचा रुग्ण काही महिन्यांत जातो. नुसत्या रेडिएशनने वर्ष-दीड वर्ष हाती लागे. मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटने हे चित्र पालटले.

या औषधाची कूळकथा मुंबईत सुरू होते. गिरणी कामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा शोध घ्यायला ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्यातला गुणकारी घटक फॉलिक आम्ल निघाला. पुढे अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक आम्लाला रोखणारी औषधे घडवली. मेथोट्रेक्सेट त्यातलेच.

ते मोठ्या मात्रेत देणे जबाबदारीचे काम आहे. सलाइन अखंड चालू, प्रत्येक लघवीत पट्टी बुडवून सिस्टर पीएच पाहते, तो ७ च्या खाली उतरला की सोडा-बायकार्ब वाढते. चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन सुरू होते. रात्रपाळीच्या त्या पट्टीवर रुग्णाचे मूत्रपिंड वाचते.

इटलीचे आंद्रेस फेरेरी यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत सत्तरीपर्यंतचे २१९ रुग्ण होते. मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन एवढ्यावर सात वर्षांनी २१ टक्के हयात होते. जोडीला रिटुक्सिमॅब आणि थायोटेपा मिळालेल्यांत हे प्रमाण ५६ टक्के होते. म्हणजे दीर्घायुष्य आता अपवाद राहिलेले नाही.

पण वाचलेला माणूस घरी कसा राहतो? संपूर्ण मेंदूला रेडिएशन दिल्यावर, विशेषतः साठीनंतर, विस्मरण, अडखळती चाल, लघवीवरचा ताबा सुटणे हे काही वर्षांनंतरही उद्भवते. मोंढ्यातला अडत्या फॉलोअपला येतो. एमआरआय स्वच्छ असतो, आपण खूश होतो. पत्नी हळूच म्हणते, "डॉक्टरसाहेब, हे दुकानात बसतात, पण शेतकऱ्याची हिशोबपट्टी करता येत नाही त्यांना." तिचे हे वाक्य केसपेपरवर यायलाच हवे. फेरेरी यांच्या त्याच चाचणीत रेडिएशनऐवजी स्वतःच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्यांची बुद्धी अधिक चांगली राहिली. प्रत्यारोपण झेपेल अशा रुग्णाला त्यासाठी वेळेत पाठवणे हे आपले कर्तव्य आहे.

टाटा रुग्णालयाने बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी १९९१ मध्येच स्वतंत्र क्लिनिक काढले. मराठवाड्यातल्या प्रौढ रुग्णांसाठीही तशीच व्यवस्था हवी. म्हणून तीन गोष्टी मागतो. एमआरआयवर लिम्फोमाची शंका असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर बायोप्सीआधी स्टिरॉइड देऊ नका; गाठ विरघळते आणि निदान हुकते. केमोआधी आणि नंतर दरवर्षी स्मरणशक्तीची मराठीतून चाचणी घ्या. आणि बीड, जालना, परभणीहून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद किमान दहा वर्षे ठेवा. तो आला नाही, तर आपण फोन करा.

ही नोंदवही याच परिषदेतून सुरू व्हावी, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.